वडिलोपार्जित घर आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे शासकीय नोंदीनुसार मृत्यू पावली.

भूकंपाइतकाच घात घरांच्या बांधणीने केला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांस जखडलेले नव्हते. हादऱ्यासरशी ते फुटून ढासळले. वर माळवदाच्या मातीचा भार होताच. कित्येक ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले, परंतु माणसे दगडांखाली गाडली गेली.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडील घरे अद्याप अशीच आहेत. गळती थांबावी म्हणून आपण माळवदावर नवी माती चढवितो आणि निजलेल्या मुलाबाळांवरील भार वाढवितो. हा क्रम थांबला पाहिजे. जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने जादा माती उतरवावी, भिंतींचे पदर आरपार सांधून घ्यावेत, दारांच्या वरून घरभर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा. तोवर निदान अंथरुणे भिंतीपासून दूर घालावीत व दाराची वाट मोकळी ठेवावी.

लग्नकार्यात आपण हात आखडता घेत नाही. यंदा ज्या घरी कार्य निघेल, त्या घराने खर्चातील एक वाटा आधी भिंतींसाठी काढून ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.