शेवटी कोण जेवतं?



गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं, की तिला रक्तक्षय आहे असं धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया अशा आढळल्या.

वस्तीत मीही आहाराचा तक्ता लावला होता. बाजरीची भाकरी, मेथी, शेवग्याचा पाला, मोडाची मटकी खा; वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं; जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. सातवा महिना लागलेली एकजण तक्ता बघून म्हणाली, "ताई, हे सगळं मीच रांधते. माझ्या ताटापर्यंत नुसता रस्सा उरतो."

लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्याच; गरोदरपणातली लोहाची गरज एकट्या जेवणाने भागत नाही. पण ताटात काही पडलंच नाही, तर तक्ता काय करणार?

म्हणून आता मी सासूला आणि नवऱ्यालाही बैठकीला बोलावते आणि विचारते, "तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?" बराच वेळ कुणी बोलत नाही.

आपापल्या गटात हा प्रश्न विचारा. घरातल्या सगळ्यांबरोबर ताटावर बसणं हाही बाईचा हक्कच आहे.