नऊवारीतली उडी

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्यात स्वागतयात्रा बघायला गेलात, तर नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायका हमखास दिसतात. डोंबिवलीत ही यात्रा 1999 साली सुरू झाली. फेब्रुवारी 2018 मध्ये हीच नऊवारी थायलंडमधल्या पट्टायाच्या आकाशात दिसली, सुमारे 13,000 फुटांवर. ती नेसून विमानातून उडी घेतली होती पुण्याच्या शीतल महाजन यांनी.

विमानातून उडी घेतली की माणूस ताशी जवळजवळ 200 किलोमीटर वेगाने खाली येतो. अशा वाऱ्यात पदर सुटून पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला, तर संपलंच. म्हणून आधी साडी, तिला जागोजागी पिना आणि चिकटपट्ट्या, मग पॅराशूटचे पट्टे, हेल्मेट आणि गॉगल. पट्टे मांड्यांभोवती आवळावे लागतात. काष्टा असल्यामुळे ते जमतं.

भारतीय स्त्रीची पहिली पॅराशूट उडी 17 जुलै 1959 ची. ती घेतली हवाई दलातल्या डॉक्टर, फ्लाइट लेफ्टनंट गीता चंदा यांनी. त्यांच्यामागे हवाई दल होतं. शीतलताईंना मात्र परवानग्या आणि पैसा, दोन्हींसाठी स्वतःच दारं ठोठावावी लागली. 18 एप्रिल 2004 रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी उत्तर ध्रुवावर 2,400 फुटांवरून उडी घेतली. तापमान उणे 37 अंश, आणि आयुष्यातली ती पहिलीच उडी!

तिथेच थांबल्या असत्या, तर चार दिवसांची बातमी होऊन गेली असती. त्यांनी पुढे रीतसर शिक्षण घेतलं. डिसेंबर 2006 मध्ये अंटार्क्टिकावर 11,600 फुटांवरून उडी झाली. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून उडी घेऊन त्या काळापत्थरला उतरल्या. पहिल्या उडीला धाडस पुरलं. पुढच्या शेकडो उड्या तयारीच्या जोरावर झाल्या.

उद्या ठाण्या-कल्याणातल्या तुमच्याच घरातली मुलगी म्हणाली, ‘मला विमानातून उडी मारायचीय’, तर ‘हे कुठलं नवीन खूळ?’ असं म्हणून तिला गप्प करू नका. शिकवणार कोण, पॅराशूट तपासणार कोण, राखीव पॅराशूट आहे का, एवढं मात्र खोदून विचारा. उत्तरं नीट मिळाली, तर तिला जाऊ द्या.