दिल्ली ते टोकियो : अंतर एक, वेळ दोन

असें समजूं कीं, दिल्लीहून रात्रीं ८ वाजतां निघालेलें विमान टोकियोस सकाळीं ७ वाजतां उतरलें, आणि टोकियोहून सकाळीं ११ वाजतां निघालेलें दिल्लीस सायंकाळीं ५ वाजतां पोंचलें. नुसत्या घड्याळावर विसंबणाऱ्यास वाटेल, जातांना अकरा तास लागले व येतांना अवघे सहा. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. जपानचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेतीन तास पुढें असतें. तो फरक जमेस धरला म्हणजे जाण्यास साडेसात तास आणि परतण्यास साडेनऊ तास, असा खरा हिशेब निघतो.

अंतर तर तेंच. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलें, तर तें सुमारें ५,८४० किलोमीटर भरतें. विमान मात्र त्या दोऱ्यावरून जात नाहीं. वाटेंत तिबेटचें पठार आडवें येतें. विमानांतील हवेचा दाब एकाएकीं घटला, तर वैमानिकास सुमारें ३,००० मीटर उंचीपर्यंत खालीं यावें लागतें, आणि तेथील जमीनच सरासरीनें ४,५०० मीटर उंच! म्हणून वाट दक्षिणेकडे वळवून घेतात.

मग परतीचे ते दोन तास जातात कोठें? वाऱ्यांत. जपानच्या माथ्यावर नऊदहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड वायुप्रवाह वाहतो. हिवाळ्यांत त्याचा वेग कधीं कधीं ताशीं ३०० किलोमीटरांवर जातो. शाळेंतील नदी आणि नाव यांचें गणित येथें आठवावें. अंतर ६,००० किलोमीटर, विमानाचा वेग ताशीं ९०० आणि वाऱ्याचा ३०० धरला, तर जातांना पांच तास, येतांना दहा, एकूण पंधरा. वाराच नसता, तर दोन्ही फेऱ्या तेरा तास वीस मिनिटांत झाल्या असत्या. जातांना मिळालें तें येतांना व्याजासह फेडावें लागतें. सबंध वाटेवर वारा इतका जोराचा नसतो, हें प्रवाशांचें भाग्य.

हा वारा मोजला वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञांनीं. तातेनो येथील वेधशाळेंतून फुगे सोडून त्यांनीं निरीक्षणें केलीं, आणि परदेशीयांनाही तीं वाचतां यावींत म्हणून १९२६ सालीं एस्पेरांतो भाषेंत प्रसिद्ध केलीं. ती भाषा जाणणारे किती? अहवाल जवळजवळ न वाचतांच पडून राहिला. नोव्हेंबर १९४४ मध्यें अमेरिकेचीं बाँबफेकी विमानें टोकियोवर आलीं, तेव्हां याच वाऱ्यांत सांपडून त्यांचे नेम चुकले. पुढें मार्च १९४५ मध्यें तीं रात्रीं, कमी उंचीवरून आलीं. या बदलास इतरही कारणें होतीं, पण वारा हें त्यांपैकीं एक. त्या एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें जळून मेलीं.

आतां प्रत्येक उड्डाणापूर्वीं वरच्या वाऱ्यांचा अंदाज पाहूनच मार्ग आंखतात आणि इंधन भरतात. जानेवारींत टोकियोहून येणाऱ्या आप्तांस आणावयास जाणारांनीं मात्र विमानतळावर थोडें थांबावें लागेल, हें धरूनच घरून निघावें.