सांगणाऱ्याचा धीर

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



आपला धर्म दुसऱ्याला सांगणे हा विषय निघाला की आपल्याकडे माणसे सावध होतात. त्याला कारणेही आहेत. सत्तेच्या बळावर, आमिषाच्या बळावर धर्म पसरवल्याचा इतिहास आहे आणि तो कोणा एकाच धर्माचा नाही. पण त्या इतिहासाच्या कडेकडेने काही साधी माणसेही चाललेली दिसतात. आपल्याला जे गवसले ते समोरच्याला सांगावे, एवढीच त्यांची ओढ. समोरचा कधी हसतो, कधी चिडतो, कधी दार लावून घेतो. तरी दुसऱ्या दिवशी ही माणसे पुन्हा बाहेर पडतात. हा धीर त्यांना कुठून मिळतो?

मी मुसलमान, मराठीत कविता करणारा. ख्रिस्ती श्रद्धेशी माझी पहिली ओळख झाली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांमुळे. शाळेत त्यांची जखमी पाखराची कविता होती. ती लिहिणारा कवी ख्रिस्ताचा उपदेशक होता, हे फार उशिरा कळले. मग मी त्यांचे चरित्र शोधून वाचले.

टिळकांच्या आधी विल्यम केरी यांचे नाव घ्यायला हवे. इंग्लंडातला हा चांभार १७९३ साली बंगालमध्ये उतरला. पहिल्या हिंदू माणसाने त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला तो १८०० सालच्या डिसेंबरात. मधली सात वर्षे पदरात काही नाही. मुलगा गेला, पत्नीचे मन भ्रमिष्ट झाले. या काळात केरी भाषा शिकत राहिले, भाषांतर करत राहिले. पुढे आपल्या मराठीचे व्याकरणही त्यांनी १८०५ मध्ये छापले. १८१२ साली श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, हस्तलिखिते जळाली. ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसले. हाताला रोजचे काम असले की मनाला खचायला सवड कमी मिळते, असे मला वाटते.

आता टिळक. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गप्पा झाल्या. वॉर्डसाहेबांनी त्यांना बायबल दिले आणि हे मनापासून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. एवढ्या प्रवासात ते आणखी काय करू शकणार होते? टिळक पुस्तक वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका प्रवासातली ओळख आणि हातात दिलेले एक पुस्तक. बाकीचे पुस्तकाने केले.

टिळकांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र इतके सोपे आले नाही. ज्या माणसाला सर्वांत आधी सांगावेसे वाटले, तिनेच ऐकले नाही. लक्ष्मीबाई कोकणस्थ ब्राह्मण घरातल्या, सोवळ्यात वाढलेल्या. नवरा बाटला ही त्यांच्यासाठी मरणापेक्षा वाईट बातमी होती. त्या आपल्या माणसांत राहिल्या, काही काळ पंढरपुरात. पुढे नवऱ्याजवळ आल्या, तरी चूल वेगळी ठेवली.

या काळात टिळकांनी काय केले, ते 'स्मृतिचित्रे' वाचताना उमगते. टिळक रागीट होते, विक्षिप्त होते, संसारात बेभरवशाचे होते. लक्ष्मीबाईंनी काहीच झाकलेले नाही. पण त्यांनी बायकोवर धर्म लादला नाही. वाट पाहिली. शिक्षण नसलेल्या या बाईला त्यांनीच वाचायला शिकवले होते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला, उत्तरही स्वतःच शोधले आणि सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधे पाच वर्षे गेली होती. आपल्याच घरातला नकार पाच वर्षे सोसायचा आणि बाहेर जाऊन प्रेमाचा धर्म सांगायचा, ही परीक्षा कोणत्याही सभेतल्या विरोधापेक्षा कठीण असते.

आमच्याकडे लहानपणी शिकवतात की प्रेषिताचे काम निरोप पोचवण्याचे. मने वळवणे अल्लाच्या हाती. हजरत नूह यांनी साडेनऊशे वर्षे सांगितले आणि ऐकणारे थोडे निघाले. टिळकांच्या शुभवर्तमानातही पेरणाऱ्याचा दाखला आहे; काही बी वाटेवर पडते, काही काट्यांत. तिथे पेरणाऱ्याला कोणी दोष देत नाही.

टिळकांवर दोन्हीकडून संशय होता. हिंदूंना ते बाटगे वाटत आणि काही ख्रिस्ती मंडळींना त्यांचे अभंग, कीर्तने, टाळ जरा जास्तच हिंदू वाटत. (मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.) तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. साहेबी पोशाखातला ख्रिस्त मराठी माणसाला परका वाटतो, ही त्यांची खंत होती. निराश होऊन गप्प बसण्याऐवजी त्यांनी गाणी रचली. मराठी चर्चमध्ये आजही त्यांतली कितीतरी गायली जातात. माणसे वाद विसरतात, चाल लक्षात ठेवतात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. हिशेब मांडणाऱ्याने त्यापुढे शून्य लिहिले असते.

'ख्रिस्तायन' हे त्यांचे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्यही अर्धवट राहिले. सुरुवातीचे मोजके अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, वेगळी चूल मांडणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनी. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून झाला १९३८ मध्ये.