एक टीप आणि एक व्यंगचित्र



धर्मनिरपेक्षता हा शब्द निवडणुकीच्या सभांतून आपण इतका ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचे राहूनच जाते. मी तो एका पुस्तकाच्या आधारे सांगणार आहे.

बाबासाहेबांची अनेक हस्तलिखिते त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिली. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने ती खंडरूपाने छापावयास घेतली. संपादक होते वसंत मून. १९८७ साली चौथा खंड आला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. शिवसेनेने ते वगळण्याची मागणी केली आणि शासन डगमगले. मग फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेचा विराट मोर्चा निघाला. अखेर तोड निघाली ती अशी की, परिशिष्ट कायम ठेवायचे, पण त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप छापायची.

ती टीप आपल्यातील अनेकांना झोंबली. खरे तर ज्या शासनाला स्वतःचा धर्म नाही, त्याने रामाविषयी सहमत वा असहमत होण्याचे कारणच नव्हते. तरी मला ती टीप मोलाची वाटते. बँकेत लेजरमधील नोंद पटली नाही म्हणून खरवडून काढता येत नाही. दुसरी नोंद करावी लागते आणि तपासणाऱ्याला दोन्ही दिसतात. इथेही मजकूर राहिला, असहमतीही राहिली. वाचणाऱ्याने ठरवावे.

फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य यांची फारकत केली. त्याच देशात ७ जानेवारी २०१५ रोजी प्रेषितांच्या व्यंगचित्रांवरून ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकाच्या कचेरीवरील हल्ल्यात बारा माणसे मारली गेली. २०२० मध्ये तीच चित्रे वर्गात दाखविणाऱ्या सॅम्युएल पाटी या शिक्षकाचा गळा चिरला गेला. (त्याच फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत मुलींच्या डोक्यावरील रुमालाला बंदी केली, ती मला पटत नाही. आपले पंचविसावे कलम अधिक उदार आहे.) आणि हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या पुण्यात.

आता आपल्या घरातली गोष्ट. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गोंधळ झाला. पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली, आणि ती करणारे आंबेडकरांचेच नाव घेत होते. तो चाबूक पाहून आपल्या माणसाच्या पोटात कालवते, हे मी नाकारणार नाही. चाबकाचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. पण ‘रिडल्स’साठी जो हक्क आपण मागितला, तो त्या पुस्तकालाही होता. काच फोडून आपण विरोधकांच्या हाती आपलाच मोर्चा खोटा ठरविण्याचे साधन दिले.

संविधानाला उशीर होतो हा आरोप बाबासाहेबांच्या कानांवर होताच. एका सदस्याने तर मसुदा समितीचे नावच विडंबनाने बदलून तिला भरकटणारी समिती म्हटले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. इतर देशांच्या घटनांना किती काळ लागला ते सांगितले आणि आपल्या सभेत २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा आकडा पुढे ठेवला. विद्यार्थ्यांनी त्या व्यंगचित्राशेजारी ते भाषण ठेवून वाचावे. पुढच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आपण तेच घेणार आहोत.