पऱ्हाटीच्या ढिगात निजलेली अळी

आज आपण झोपेबद्दल बोलू. आपल्या झोपेबद्दल नाही, वावरातल्या झोपेबद्दल.

उन्हाळ्यात सागाचं झाड पाहा. एक पान नसतं, वाळल्यासारखं दिसतं. पण ते मेलेलं नसतं, पाणी वाचवत थांबलेलं असतं. गवताचं बी मातीत असंच थांबतं. पाऊस आला की सगळे जागे. याला सुप्तावस्था म्हणतात.

कपाशीची गुलाबी बोंडअळीही हेच करते. २०१७ साली तिनं विदर्भात बोंडं पोखरली, ते आपण विसरलो नाही. आम्हाला वाटलं, ती कुठून तरी बाहेरून आली. खरं तर ती आपल्याच आवारात निजली होती.

हिवाळ्यात दिवस लहान होतात, गारठा वाढतो. तेव्हा शेवटच्या बोंडांतली अळी लगेच कोषात जात नाही. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत पडून राहते. न खाता कित्येक महिने काढते. पुढं पाऊस पडला, हवेत ओल आली की तिचा पतंग होतो आणि नव्या कपाशीच्या पात्या-फुलांवर अंडी घालतो.

आता सांगा, धुऱ्यावर पऱ्हाटीचा ढीग कोण रचतं? आपणच. चुलीला फुकटचं सरपण असतं. सिलिंडर परवडत नाही, म्हणून 'पऱ्हाटी ठेवूच नका' असं आम्ही म्हणणार नाही. आमच्या गटानं ठरवलं ते सांगतो.

फरदड घ्यायची नाही. डिसेंबर-जानेवारीत वेचणी संपली की वावरात शेळ्या-गुरं सोडायची, ती उरलेली बोंडं खातात. मग पऱ्हाटी मुळासकट उपटायची. सरपणाला ठेवायची तर वाळकी बोंडं, कवड्या तोडून आधी जाळायच्या. ढीग वावरापासून लांब रचायचा आणि मृगाआधी संपवायचा. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूसही तिचं अंथरूण असतो, तोही पावसाळ्याआधी विकायचा. आणि पावसाआधी कपाशी लावायची घाई नको. पतंग निघाला तेव्हा वावरात पाती-फूल नसलं, तर तो वंश न वाढवताच मरतो.

पण हे एकटीनं करून भागत नाही. एका धुऱ्यावरचा ढीग शेजारच्या दहा वावरांना पुरतो. म्हणून येत्या बैठकीत हा विषय घ्या, गावानं मिळून ठरवा. हलत नाही ते मेलं, असं समजू नका. ती निजली आहे तोवरच आपल्याला वेळ आहे.

येतो आम्ही. राम राम!