काडीकिडा

पावसाचा जोर ओसरला म्हणजे राधानगरी-दाजीपूरच्या रानात, पन्हाळ्याच्या झाडीत जरा थांबून पाहावे. एखादी वाळकी काडी हळूच पाय उचलते! हाच काडीकिडा. तो बोटाएवढा असतो, तसा वीतभरही वाढतो.

पुष्कळजण त्याला विषारी समजून चेचतात. ते बरोबर नव्हे. हा निव्वळ शाकाहारी जीव. त्याला नांगी नाही. दिवसा काडी होऊन स्वस्थ राहायचे, रात्री पाला खायचा, एवढाच त्याचा व्यवहार. वारा सुटला की तोही डहाळीबरोबर डुलतो. पाखराने गाठलेच तर ताठ होऊन खाली पडतो आणि मेल्याचे सोंग घेतो. पाय सापडला तर पाय सोडून जीव वाचवतो. पिल्लाला पुढे कात टाकताना तो पाय पुन्हा फुटतो.

तमिळनाडूच्या पळणी डोंगरातल्या याच्या एका भाईबंदाने तर जगभर नाव काढले. १९०१ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि युरोपातल्या प्रयोगशाळांतून, शाळांतून तो पाळला जाऊ लागला. गंमत अशी, की तिथे जवळजवळ सगळ्या माद्याच. नरावाचून अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात! चीनमध्ये २०१७ साली नोंदलेला एक काडीकिडा ६४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड हात लांब भरला.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ जातींची मादी बियांसारखी अंडी एकेक करून जमिनीवर टाकते. काही अंड्यांना बारीक बोंड असते. त्याच्या लोभाने मुंग्या ती वारुळात नेतात, तिथे ती सुरक्षित राहतात. बाकीची महिनोन्‌महिने पालापाचोळ्यात पडून असतात. आणि गवत चांगले यावे म्हणून उन्हाळ्यात त्याच पाचोळ्याला आपण काडी लावतो! वणवा पेटला की पाखरू उडून जाते, भेकर पळून जाते. अंड्यांनी कुठे पळावे?

राधानगरीच्या रानाला १९५८ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे, २०१२ पासून ते जागतिक वारशातही आहे. पण कायद्याचा पहारा प्रत्येक डोंगराला कसा पुरणार? तो गावानेच करायचा.

गुरुजनांना एक विनंती. मुलांना घेऊन रानात जा, काडीकिडा शोधायला लावा. सापडला की डोळे भरून पाहू द्या आणि त्याच फांदीवर राहू द्या. ज्या पोराने काडी चालताना पाहिली, ते पोर डोंगराला काडी लावताना दहादा विचार करील.